पाण्याचा शेरा

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

माझा जन्म १९७० सालचा. निळवंडे धरणाला पहिली मान्यता मिळाली तीही १९७० सालीच. म्हणजे मी आणि हे धरण एकाच वयाचे. मी शाळा शिकलो, बी.ए. झालो, नोकरी केली, दोन मुलींची लग्ने केली, डोक्यावरचे केस पांढरे करून बसलो, आणि तेव्हा कुठे या धरणाच्या डाव्या कालव्यातून पाणी वाहिले. ३१ मे २०२३ रोजी कालव्याची चाचणी झाली. त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला पंतप्रधानांच्या हस्ते जलपूजन झाले. आठ कोटी रुपयांच्या आत व्हायचे काम ५,१७७ कोटींवर गेले होते.

श्रोतेहो, मला कविता वाचायला बोलावतात, तेव्हा लोक पावसाच्या, आईच्या, गावाच्या कवितेची अपेक्षा करतात. आज मी पाण्याच्या कायद्यांवर बोलणार आहे असे सांगितल्यावर आमच्या घरातच हसू झाले. पण आमच्या घरात पाण्याचा कायदा पहिल्यापासून होता. माझे अब्बा पाटकरी होते.

पाटकरी म्हणजे काय, हे बागायती भागातल्या श्रोत्यांना सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. कालव्याचे पाणी चारीत, चारीचे पोटचारीत आणि पोटचारीचे शेतकऱ्याच्या वाफ्यात ज्याच्या हातून जाते, तो पाटबंधारे खात्यातला शेवटचा माणूस म्हणजे पाटकरी. अब्बा प्रवरेच्या जुन्या कालव्यावर होते. एक सायकल, खांद्यावर फावडे, हातात बॅटरी आणि गेटच्या चाव्यांचा जुडगा. पाळी सुरू झाली की पंधरा-वीस दिवस ते घरी जेवायलासुद्धा वेळेवर येत नसत. सात नंबरचा पाणीअर्ज कुणी भरलाय, कुणाची थकबाकी आहे, शेजपाळीत आता कुणाचा नंबर, हे सगळे त्यांना तोंडपाठ. रात्री बाराला कुणीतरी वरच्या अंगाला मोरी फोडायचा आणि खालच्या टोकाचा शेतकरी पहाटे आमच्या दारात येऊन बसायचा. अब्बा चहा न घेता सायकल काढायचे. ‘टेलला पाणी पोचलं तरच पाळी झाली म्हणायची,’ हे त्यांचे वाक्य. टेल म्हणजे चारीचे शेवटचे टोक.

अब्बांना दोनच कायदे माहीत होते. एक इंग्रजांच्या वेळचा, १८७९ चा मुंबई पाटबंधारे कायदा, ज्याच्या जोरावर ते मोरी फोडणाऱ्याला दटावत. दुसरा त्यांच्या वडिलांनी सांगितलेला: वाहत्या नदीच्या काठावर वजू करत असलास तरी गरजेपेक्षा जास्त पाणी घेऊ नकोस. पहिल्याचा धाक फार जणांना नव्हता. दुसरा त्यांनी स्वतःपुरता शेवटपर्यंत पाळला.

हे झाले बागायती बाजूचे. आमचे आजोळ मात्र संगमनेर तालुक्यातल्या तळेगाव दिघ्याच्या बाजूला. तिथे पाऊस म्हणजे मेहमान, आला तर आला. मामूंची अठरा एकर जमीन, पिकायची बाजरी आणि हुलगे. बहात्तरच्या दुष्काळात नानी खडी फोडायला गेली होती आणि मी तिच्या मांडीवर बसून सुकडी खाल्ली, असे अम्मी सांगायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही मामूंकडे गेलो की अब्बा गप्प गप्प असत. एकदा मी कारण विचारले. म्हणाले, ‘मी तिकडं पाणी वाटतो, आणि इथं माझ्या बायकोची आई टँकरच्या मागं पळते.’

त्याच मामूंच्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ नावाच्या रकान्यात एक शेरा होता: पुनर्वसनासाठी राखीव. लहानपणी मला वाटायचे, हा काहीतरी मान असावा, सरकारने मामूंची जमीन राखून ठेवली आहे! तो काय प्रकार आहे ते कॉलेजात गेल्यावर कळले. मामूंना मोठ्या मुलीच्या लग्नासाठी चार एकर विकायची होती. तलाठ्याने मान हलवली. ही जमीन धरणाच्या लाभक्षेत्रात आहे, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही, वाटण्याही करता येणार नाहीत. मामू म्हणाले, ‘कसला लाभ? धरण कुठंय?’ तलाठी भला माणूस होता. म्हणाला, ‘कागदावर.’

आता यात कायद्याची चूक काय? काहीच नाही, आणि गोष्ट अवघड आहे ती इथेच. १९७६ साली महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. पुढे तो १९८६ आणि १९९९ साली नव्याने झाला. देशात असा कायदा करणाऱ्या पहिल्या राज्यांत आपण. त्यामागचा विचार सरळ आणि न्यायाचा होता. धरणात ज्याची जमीन बुडाली त्याला नुसते पैसे देऊन वाटेला लावायचे नाही. ज्यांना त्या धरणाचे पाणी मिळणार, त्यांच्यातल्या मोठ्या खातेदारांनी ठरलेल्या प्रमाणात जमीन द्यायची आणि ती बुडालेल्यांना वाटायची. लाभ होणाऱ्याने तोटा होणाऱ्याला हात द्यायचा. तोवर कुणी घाईघाईने जमिनी विकून किंवा पोरांच्या नावावर करून कायद्याला बगल देऊ नये, म्हणून तो शेरा.

या कायद्याच्या आधी काय होते ते आपल्या जिल्ह्यानेच पाहिले आहे. भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९१० ते १९२६ या काळात बांधले गेले. तेव्हा १८९४ चा भूसंपादन कायदा होता. सरकार जमीन घेई, मोबदल्याचे पैसे देई, पुढे माणूस कुठे गेला याच्याशी सरकारचा संबंध नसे. याच काळात, १९२१ साली, तिकडे मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध मावळ्यांचा सत्याग्रह उभा राहिला. त्याचे नेतृत्व केले ते सेनापती बापटांनी, आणि बापट आपल्या पारनेरचे. धरणाखाली जाणाऱ्या माणसाने जगातल्या ज्या पहिल्यावहिल्या लढ्यांत ‘आमचे काय?’ असे विचारले, त्यातला एक लढा नगर जिल्ह्यातल्या माणसाने लढवला, हे आपल्या पोरांच्या पाठ्यपुस्तकात ठळक छापायला हवे. मुळशीची गावे बुडाली. पण तो प्रश्न तरंगत राहिला आणि पंचावन्न वर्षांनी कायदा होऊन वर आला.

मी हा कायदा पुस्तकातून शिकलो नाही, अकोल्याच्या एका कवी संमेलनात शिकलो. मी मामूंच्या शेऱ्यावरची कविता म्हटली. पाणी नाही आणि जमीनही आपली नाही, अशा अर्थाची. टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर धोतर नेसलेले एक वयस्क गृहस्थ जवळ आले. एका जुन्या धरणात त्यांचे गाव गेलेले. म्हणाले, ‘कविता चांगली आहे हो. पण तुमच्या मामाच्या असल्या शेऱ्यातलीच जमीन मला मिळायची होती की.’ मी वरमलो. चहा घेता घेता त्यांनी सगळे सांगितले. पर्यायी जमीन हवी असेल तर मिळालेल्या मोबदल्यातले ६५ टक्के आधी सरकारजमा करायचे, अशी अट. मोबदला मिळाला तोच हप्त्याहप्त्याने. त्यात डोक्यावर छप्पर उभे केले, बहिणीचे लग्न केले. पासष्ट टक्के कुठून भरणार? नव्या गावठाणात अठरा नागरी सुविधा द्यायच्या असे कायदा सांगतो: रस्ता, विहीर, शाळा, चावडी, स्मशानभूमीसुद्धा. त्यांच्या वसाहतीत सगळ्यात आधी काय तयार झाले, ठाऊक आहे? ‘स्मशानभूमी,’ ते म्हणाले आणि स्वतःच हसले.

ती कविता मी त्यानंतर कुठे म्हटली नाही.

अकोले तालुक्यात निळवंड्याच्या वेळी लोकांनी ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ अशी मागणी लावून धरली, ती असल्या जुन्या अनुभवांनी पोळून. धरणाची जागाही सरकली. आधी म्हाळादेवीला व्हायचे होते, झाले निळवंड्याला. धरणाला उशीर का झाला, याची खालच्या भागात नेहमी चर्चा चालते आणि बोट वरच्यांकडे जाते. मला आता तसे बोट दाखवता येत नाही. पुढे कालवे खोदायची वेळ आली तेव्हाही अकोल्यातल्या पहिल्या टप्प्यातल्या शेतकऱ्यांनी उघडा कालवा नको, बंदिस्त नळातून पाणी न्या, असे म्हटले. तालुका डोंगराळ, काळ्या मातीच्या पट्ट्या अरुंद, त्यातून कालव्याची रुंदी गेली तर उरते काय? गाव धरणात गेले, उरलेले शेत कालव्यात गेले, आणि पाणी शेजारच्या तालुक्यात.

आता पैशाकडे येऊ. हा विषय रुक्ष आहे, पण निळवंड्याला त्रेपन्न वर्षे का लागली, याचे अर्धे उत्तर यात आहे.

आपल्या राज्यघटनेत पाणी हा राज्याचा विषय. राज्यसूचीतली सतरावी नोंद. केंद्राच्या सूचीत छप्पन्नावी नोंद आहे, ती आंतरराज्य नद्यांच्या नियमनापुरती. म्हणजे धरण बांधायचे राज्याने. पण दिल्लीचा पैसा हवा असेल, तर दिल्लीची चाळणीही हवी. केंद्रीय जल आयोग पाण्याचा हिशेब तपासणार, तांत्रिक सल्लागार समिती खर्च आणि लाभ पाहणार, पर्यावरण मंत्रालय वेगळे, वनखाते वेगळे. देशभर अर्धवट धरणांचे सांगाडे उभे राहिले, म्हणून केंद्राने १९९६-९७ मध्ये वेगवर्धित सिंचन लाभ कार्यक्रम काढला. पुढे २०१५ साली तो पंतप्रधान कृषी सिंचन योजनेत मिसळला. चाळणी पार केली त्यांना पैसा. बाकीच्यांनी राज्याच्या तिजोरीकडे पाहायचे.

आणि राज्याची तिजोरी म्हणजे एकत्र कुटुंबातली दुभती म्हैस. सगळ्यांचे हात त्याच कासेला! १९९८ साली गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळ स्थापन झाले. त्याने बाजारातून कर्जरोख्यांनी पैसा उभारायचा आणि कामे लवकर पुरी करायची, अशी कल्पना. दुसरीकडे घटनेच्या कलम ३७१ (२) खाली १९९४ साली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी वैधानिक विकास मंडळे आली. अनुशेष भरून काढायचा म्हणून कुठल्या विभागाला सिंचनाचा किती पैसा, याचे निर्देश राज्यपाल देऊ लागले. आता निळवंडे पाहा. महामंडळ मराठवाड्याच्या नावाचे, जिल्हा मात्र ‘उर्वरित महाराष्ट्रा’त. लग्न एका घरात आणि रेशनकार्ड दुसऱ्या घरात, अशातली गत. मराठवाड्याचा अनुशेष खरा होता, त्यांचा हक्कही खरा होता. पण तळेगावच्या बाईचा हंडा रिकामा होता तो ती ‘उर्वरित’ आहे म्हणून भरत नव्हता.

भिंत उभी राहिली, कालवे मागे राहिले. सव्वाआठ टीएमसीच्या आसपास साठ्याचे धरण, पाणी अडले, आणि ते पाणी नदीतून खाली जुन्याच बागायती भागाला जात राहिले. ज्यांच्यासाठी धरण बांधले ते काठावर उभे राहून बघत होते. कालव्यांसाठी कृती समिती झाली, मोर्चे झाले, औरंगाबाद खंडपीठात जनहित याचिका झाली.

यातच २०१८ साली एक अजब गोष्ट घडली. निळवंड्याच्या कालव्यांसाठी शिर्डीच्या साईबाबा संस्थानकडून पाचशे कोटी रुपये बिनव्याजी घ्यायचे राज्य सरकारने ठरवले. संस्थानचा कारभार २००४ च्या खास कायद्याखाली चालतो. भक्तांचा पैसा कशासाठी वापरायचा, हे त्यात ठरलेले आहे. प्रकरण खंडपीठापर्यंत गेले. कायद्याच्या अंगाने आक्षेप घेणाऱ्यांचे चुकत होते असे मी म्हणणार नाही. सरकारने करायच्या कामासाठी देवस्थानच्या दानपेटीकडे हात का पसरावा, हा प्रश्न बरोबरच आहे. पण मामू त्या दिवसांत मला म्हणाले, ‘बाबा जिवंत असते तर त्यांनी झोळी उलटी केली असती आणि फावडं घेऊन स्वतः आले असते.’ मामू दर गुरुवारी शिर्डीला जाणाऱ्यांतले. त्यांच्याशी घटनेच्या कलमांवर काय वाद घालणार?

माणसांच्या भरपाईचे बोललो. झाडा-पाखरांच्या भरपाईचा कायदाही आहे. १९८० च्या वनसंवर्धन कायद्याने वनजमीन प्रकल्पाला द्यायची तर बदल्यात दुसरीकडे झाडे लावणे बंधनकारक झाले. १९९४ च्या अधिसूचनेने मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणाच्या परिणामांचा अहवाल सक्तीचा झाला, १९९७ मध्ये जनसुनावणी आली, २००६ मध्ये नवी अधिसूचना आली. झाडांच्या बदल्यात जमलेला पैसा राज्यांना नीट मिळावा म्हणून २०१६ चा भरपाई वनीकरण निधी कायदा आला. वाचायला सगळे चोख आहे.

पण झाडाच्या बदल्यात झाड, हा हिशेब आपल्या जिल्ह्याला कसा लागू करायचा? वर अकोल्यात हिरडा-जांभळाचे जंगल आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली झाले ते तिथेच. खाली मात्र आपला जिल्हा माळाचा. कर्जत, श्रीगोंदा बाजूचे गवताळ माळ सरकारी कागदात ‘पडीक’. त्या पडीक माळावर माळढोक पक्षी राहत होता. १९७९ साली सोलापूर आणि नगर मिळून साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य जाहीर झाले. गावेच्या गावे, शेते, बाजारपेठा सगळे अभयारण्यात! तिथल्या लोकांच्याही जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली. दुसऱ्या हाताने सरकारनेच त्या भागात कुकडीचे, उजनीचे पाणी नेले. गवत गेले, ऊस आला. माळढोकाला उसात राहता येत नाही. २०१२ साली अभयारण्य सव्वाबाराशे चौरस किलोमीटरवर आणले, तोवर पक्षी जवळजवळ संपला होता. बंधने शेतकऱ्याने सोसली, पाणी साखरेने प्यायले आणि पाखरू कुणालाच राखता आले नाही. उद्या कुणी उरलेल्या माळावर भरपाई म्हणून झाडे लावली, तर कागदावर वनीकरण होईल आणि माळ तेवढा आणखी मरेल. रेहेकुरीच्या काळविटांना विचारा, त्यांना सावली हवी की गवत.

याच्या उलटही घडते म्हणा. पैठणला जायकवाडी झाले, त्यात आपल्या शेवगाव-नेवाशाची जमीन बुडाली. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली आणि १९७६ साली इंदिराजींनी लोकार्पण. पाणी साठले, दलदल झाली, आणि कुणी न बोलावता देशोदेशीचे पक्षी आले. १९८६ मध्ये त्या जलाशयाचेच पक्षी अभयारण्य झाले. ज्या शेतकऱ्याच्या शेतावर आज रोहित पक्षी उभे राहतात, त्याला मी एकदा विचारले, वाईट वाटते का? म्हणाला, ‘पाखरांचं नाही वाटत. त्यांना सातबारा लागत नाही याचं वाटतं.’

अमेरिकेची आपल्याला फार हौस, म्हणून तिथलेही सांगतो. निळवंड्याला मान्यता मिळाली त्याच १९७० सालच्या पहिल्याच दिवशी अमेरिकेत राष्ट्रीय पर्यावरण धोरणाच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची सही झाली. सरकारी प्रकल्पाने आधी परिणामांचा अहवाल द्यायचा, मग काम. पुढे १९८६ च्या जलसंपदा विकास कायद्यात त्यांनी दोन गोष्टी घातल्या. धरण, कालवा, बंदर जे काही असेल, त्याच्या खर्चातला वाटा स्थानिकांनी उचलायचा. आणि निसर्गाच्या नुकसानीची भरपाई, त्यासाठी लागणारी जमीन घेणे धरून, बांधकामाच्या आधी किंवा बांधकामाबरोबर करायची. नंतर नाही. हे वाचले तेव्हा मला अकोल्यातली ती घोषणा आठवली. आधी पुनर्वसन, मग धरण. वॉशिंग्टनमधल्या खासदारांनी जे कलमात घातले, ते अकोल्यातल्या शेतकऱ्यांनी चार शब्दांत सांगितले होते. तिथे सगळे आलबेल आहे असे नाही. कायदा करणारे तिकडेही माणसेच आहेत आणि पळवाटा शोधणारेही. पण ‘आधी’ आणि ‘नंतर’ या दोन शब्दांत किती पिढ्या मावतात, हे ज्याचे गाव बुडाले त्यालाच कळते.

आता शेवटचा कायदा, आणि तो माझ्या घरात घुसलेला आहे. २००५ साली महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. टंचाईच्या वर्षी एका खोऱ्यातल्या वरच्या आणि खालच्या धरणांनी तुटीचा भार सारखा वाटून घ्यावा, असे त्याचे कलम १२ (६) (क) सांगते. मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये त्याचे सूत्र बसवले. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचे. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २०१६ च्या सप्टेंबरात निकाल लागला, तो समन्यायी वाटपाच्या बाजूने.

२०२३ साली पाऊस कमी झाला. २६ ऑक्टोबरला निळवंड्याचे जलपूजन झाले आणि ३० ऑक्टोबरला वरच्या धरणांतून साडेआठ टीएमसीहून थोडे अधिक पाणी जायकवाडीला सोडण्याचा आदेश निघाला. त्यात मुळा धरणाच्या वाट्याला दोन टीएमसीच्या वर, आणि भंडारदरा-निळवंडे गटाच्या वाट्याला ३.३६ टीएमसी. मामेभावाचा फोन आला. संतापलेला. ‘त्रेपन्न वर्षांनी ताट वाढलं आणि चौथ्या दिवशी उचललं!’ अर्ध्या तासाने धाकट्या मुलीचा फोन. ती अंबडला दिली आहे, जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर. ‘अब्बा, तुमच्याकडच्यांनी पाणी सोडलं का हो? इथं मोसंबी वाळायला लागलीय.’

मी दोघांनाही ‘बघू’ म्हटले. दुसरे काय म्हणणार! अब्बा असते तर त्यांनी मुलीची बाजू घेतली असती. मराठवाडा हा गोदावरीचा टेलच की. पण टेलला पाणी पोचवण्यासाठी त्यांनी हेडच्या शेतकऱ्याची पाळी कधी बुडवली नव्हती, तिथली मोरी फोडणाऱ्याला धरले होते. वरच्या धरणांचे पाणी सगळेच बाजरीला जात नाही, हे आपल्याला माहीत आहे. किती पाणी उसाला द्यायचे हा प्रश्न आपण आपल्या जिल्ह्यात विचारत नाही आणि मग न्यायालय आपल्याला विचारते, तेव्हा राग येतो. हे बोलल्याबद्दल माझे काही बागायतदार मित्र उद्या फोन करतील. करा. चहाला या.

या जिल्ह्याला पाणी दुरून आणण्याची आणि वाटण्याची सवय जुनी आहे. निजामशाहीत सलाबतखानाने भातोडीचा तलाव बांधला, खापरी नळांनी शहरात पाणी खेळवले. तेव्हा जिल्ह्याचे नाव जे होते ते आता बदलले आहे, अहमदनगरचे अहिल्यानगर झाले आहे. अहिल्यादेवी चौंडीच्या, आणि त्यांनी देशभर बारवा आणि घाट बांधले. नाव कुठलेही घ्या, त्यामागे कुणीतरी पाण्याचे काम केलेले आहे.

अब्बा २००९ साली गेले. त्यांनी निळवंड्याचा कालवा वाहताना पाहिला नाही. मामूंनी पाहिला. चाचणीच्या पाण्याची वाट बघत कालव्याच्या काठावर सारे गाव जमले होते. कुणी हळदीकुंकू आणले, कुणी गुलाल, कुणी नारळ. पाणी आले ते पालापाचोळा आणि गढूळ फेस घेऊन, माणसाच्या चालीने. पोरे त्याच्या पुढे पुढे उलटी चालत होती. मामू तेव्हा ऐंशीच्या पुढचे. नातवाचा हात धरून काठाशी बसले आणि बरोबर आणलेला तांब्या बुडवून त्यांनी वजू केला. सगळा मिळून एक तांब्या. भरलेल्या कालव्यातून दुसरा घेतला नाही.

मामूही मागच्या वर्षी गेले. आता वारसाची नोंद करायची, तर तो शेरा पुन्हा आडवा आला. त्या शेऱ्यातली जमीन कुणा प्रकल्पग्रस्ताला मिळाली नाही आणि मामूंनाही मोकळी झाली नाही. मामेभाऊ कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, तुम्ही लिहिता ना, अर्ज लिहून द्या. मी लिहायला बसलो. विषय: सातबाऱ्यावरील पुनर्वसनाचा शेरा कमी करणेबाबत. गट नंबर, क्षेत्र, खातेदाराचे नाव, मृत्यूची तारीख, सोबत जोडलेली कागदपत्रे. सही करण्याआधी त्याने अर्ज दोनदा वाचला.

‘खाली एक ओळ टाका,’ म्हणाला. ‘पाणी आलं आहे, असं लिहा.’

मी म्हटले, त्याचा अर्जाशी काय संबंध?

‘असू द्या. त्यांना माहीत असावं.’

मी लिहिले.